कडबा, डिझेल आणि ॲव्हरेज

गाडी घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये आधी रंग बघतो, सीट दाबून बघतो, डिकी उघडून बघतो आणि मग मुद्द्यावर येतो. ॲव्हरेज किती देते? हायब्रीड गाड्या आल्यापासून या प्रश्नाला पुन्हा धार चढली आहे. पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली ही गाडी सिग्नलला उभी राहिली की तिचे इंजिन आपोआप बंद होते. ब्रेक लावला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा काही प्रमाणात बॅटरीत परत येते. गावात, गर्दीत, जिथे सारखे थांबावे लागते तिथे तिचा फायदा जास्त. साताऱ्याहून सांगलीला सुमारे सव्वाशे किलोमीटर हमरस्त्याने एका वेगात जायचे असेल तर तो कमी. अशा गाड्या भारतात विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे नाव टोयोटा किर्लोस्कर. 1997 मध्ये ही भागीदारी झाली तेव्हा किर्लोस्कर घराण्याची चौथी पिढी कारभारात उतरली होती. पहिल्या पिढीतल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मोटारगाडी कधी बनवली नाही. पण घेतलेली वस्तू चालवायला खर्च किती येतो, या प्रश्नाशी त्यांची जन्मभर गाठ पडली. त्यांच्या गिऱ्हाइकाचे इंधन मात्र पेट्रोल नव्हते, कडबा होता.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मन पुस्तकात रमेना. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती, चित्रे काढण्याची आणि यंत्रे उघडून बघण्याची. वडिलांची नाराजी होती, पण थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे घरातले रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले. त्यांच्या पैशाच्या आधारावर लक्ष्मणराव 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षे चित्रकला शिकल्यावर लक्षात आले की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. त्यांना अंशतः रंगांधत्व होते.

रंगांधत्व म्हणजे जग काळे-पांढरे दिसणे, असा एक गैरसमज अजूनही आहे. तसे फार क्वचित असते. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांपैकी लाल किंवा हिरव्याशी संबंधित प्रकारात जन्मतःच कमतरता असली की लाल, हिरवा, तपकिरी, काही वेळा पोपटी आणि पिवळा यांची सरमिसळ होते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाला एकच एक्स मिळतो, म्हणून हा दोष पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. वेगवेगळ्या समाजांत शंभर पुरुषांमागे साधारण दोन ते आठ इतका. दृष्टी अधू होत नाही, आजार वाढत नाही, बहुतेकांना तर वीस-बावीस वर्षांपर्यंत पत्ताही नसतो. ठिपक्यांमधून आकडा ओळखायची आज सगळ्यांना माहीत असलेली इशिहारा चाचणी 1917 मध्ये आली. लक्ष्मणरावांच्या विद्यार्थिदशेत ती नव्हती. रंगपेटी हेच त्यांच्या परीक्षेचे साधन ठरले.

चित्रकार होण्याचा रस्ता तिथे संपला. संस्था मात्र त्यांनी लगेच सोडली नाही. यंत्ररेखनाचे वर्ग चालत, त्यांत ते बसू लागले. यंत्राच्या नकाशाला रंग लागत नाहीत. काळी रेघ, माप आणि नजरेतला आकार एवढेच लागते, आणि तिघांतही ते पक्के होते. या शिक्षणाच्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना यंत्ररेखन शिकवण्याची नोकरी मिळाली. पगार महिना 45 रुपये. शिकवण्याचे तास संपले की ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये शिरत आणि हात काळे करून घेत. लेथ कसा चालतो, ओतकामाचा साचा कसा बांधतात हे त्यांनी असे स्वतः करून शिकून घेतले.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. त्या काळी ती साहेबाची चैन होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करत आणि बेळगावला रामूअण्णांकडे पाठवत. रामूअण्णा त्या विकत आणि पंधरा रुपये फी घेऊन चालवायला शिकवतही. किर्लोस्कर बंधू हे दुकानाचे नाव 1888 पासूनचे. ज्या रस्त्यावर हे दुकान होते त्याला बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

सायकल विकत घेताना पैसा लागे. चालवायला भाकरीखेरीज काही लागत नसे. शरीरशास्त्राच्या हिशेबाने ती फार काटकसरी सवारी आहे. साठ-सत्तर किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर चालतो तेव्हा साधारण 50 ते 60 किलोकॅलरी खर्च होतात. तेवढेच अंतर सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने सायकलवरून कापले तर निम्म्याहून कमी. चालताना प्रत्येक पावलाला सगळे शरीर थोडे उचलावे आणि पुन्हा खाली झेलावे लागते. सायकलवर वजन सीटवर टेकलेले असते आणि पायांची मेहनत जवळपास सगळी पुढे जाण्यात लागते. स्नायू तरी किती काटकसरी? अन्नातल्या ऊर्जेपैकी पाचवा ते चौथा हिस्सा कामात उतरतो, बाकीची घाम आणि उष्णता होऊन जाते. पेट्रोल इंजिनाची कथा फार वेगळी नाही.

नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावला परतले. दुकानाला छोटा कारखाना जोडला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या शेती अवजारांपैकी एक होते कडबा कापण्याचे यंत्र, ज्याला आज गोठ्यागोठ्यांत कडबाकुट्टी म्हणतात. चाकावर बसवलेली पाती, पुढे ढकलायला दात्यांचे रूळ, आणि हाताने फिरवायचा दांडा. ज्वारीच्या पेंढ्या एका तोंडाने आत जातात, दुसऱ्या तोंडाने तुकडे पडतात. यंत्र म्हणून फार अवघड नाही. पण चालवण्याच्या खर्चावर त्याचा परिणाम पाहिला की निवड किती नेमकी होती ते कळते.

तीनशे-चारशे किलोचा बैल दिवसाला सुमारे सात-आठ किलो कोरडा चारा खातो. त्याच्यापुढे आख्खा कडबा टाकला तर तो पाला आणि वरचा कोवळा भाग ओढून घेतो आणि जाड बुडखे पायाखाली तुडवतो. तुडवलेला, मुताने भिजलेला चारा पुन्हा कोणी खात नाही. कुट्टी केली की निवडायला वाव राहत नाही. बुडखेही पोटात जातात. पुढचा भाग पोटातला. बैलाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्मजंतू असतात. कडब्यातला तंतुमय भाग खरे तर तेच पचवतात आणि त्यातून तयार झालेल्या आम्लांवर बैल जगतो. तरीही कडब्याचा जवळपास निम्मा भाग शेणावाटे जातो, आणि खाल्लेल्या ऊर्जेचा थोडा हिस्सा, सहा टक्क्यांच्या आसपास, मिथेन होऊन ढेकरांतून हवेत जातो. चावण्यातही ताकद जाते, ती तुकड्यांमुळे वाचते. पण कुट्टी पिठासारखी बारीक केली तर चारा पोटातून भरभर पुढे सरकतो, जंतूंना वेळ मिळत नाही आणि रवंथही कमी होतो. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा ठीक.

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतल्या माणसाला हा हिशेब शिकवावा लागत नाही. पाऊस गेला की धान्याच्या आधी गोठ्यातली गंज संपते. गंज संपली की बैल विकावा लागतो, तोही पडत्या भावात, कारण त्या वर्षी सगळेच विकत असतात. पुढच्या पावसाला पेरणी करायला जोडी नाही, आणि विकत घ्यायची तर भाव दुप्पट. त्यामुळे गंज जितके दिवस जास्त पुरेल तितके दिवस दावणीचा बैल वाचतो. कुट्टीच्या यंत्राची किंमत एकदाच मोजायची होती. पेंढ्या रोज वाचत होत्या.

या यंत्राचा एक खर्च मात्र कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिला जात नाही. हाताने फिरवायचे यंत्र हात अडकला तर थांबवता येत होते. पुढे त्याला इंजिन आणि मग विजेची मोटर लागली, आणि ते थांबेनासे झाले. ओढणीचे टोक, साडीचा पदर, पेंढी पुढे सारणारी बोटे, खेळता खेळता जवळ गेलेले पोर. सातारा-सांगलीच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात कुट्टीने तुटलेली बोटे आणि मनगटे नवी नाहीत. तुटलेला भाग जोडता येण्याची शक्यता असते, पण नातेवाईक तो थेट बर्फात घालून आणतात आणि पेशी गोठून मरतात. तो भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, पिशवीचे तोंड बांधावे आणि मग ती पिशवी बर्फावर ठेवावी. जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा, हळद-चुना लावू नये आणि वेळ घालवू नये.

बेळगावच्या कारखान्यात कुट्टीच्या मागोमाग आला लोखंडी नांगर, 1903 साली. तो खपेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते आणि ती नापीक होते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. या गोष्टीवर आज हसणे सोपे आहे. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघितले तर भीती अगदीच वेडी नव्हती. लाकडी नांगर गावचा सुतार करतो, मोडला तर तोच दुरुस्त करतो आणि मजुरी धान्यात घेतो. लोखंडी नांगर मोडला तर कोणाकडे जायचे? फाळ झिजला तर नवा कुठून आणायचा, केवढ्याला? आज हायब्रीड गाडीकडे बघणारा माणूस बॅटरी गेली तर काय, असे विचारतो तेव्हा तो हेच विचारत असतो.

नांगराचे गणित एकरावर मांडावे लागते. लाकडी नांगर जमीन चिरतो. तिला उलथवत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या चिकट रानात हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात, त्यामुळे तेच रान पुन्हा पुन्हा नांगरावे लागे, आणि त्याला तीन-तीन, चार-चार बैलजोड्या. लोखंडी नांगराचा वळणदार पंखा मातीचा थर कापून उलटा टाकतो, मुळे उन्हात येतात आणि वाळतात. ओढायला तोही जड, पण फेऱ्या कमी. म्हणजे एका दिवसाचा चारा तेवढाच लागला तरी एकरामागचा चारा आणि माणसाचे दिवस कमी झाले. लक्ष्मणरावांच्या नांगराला परदेशी नांगरापुढे एक मोठा फायदा होता, सुटे भाग बनवणारा कारखाना आगगाडीने एका दिवसाच्या वाटेवर होता. खप वाढला तो हे पटल्यावर. जमिनीत विष भिनत नाही हे शेजाऱ्याच्या रानात उभ्या पिकाने दाखवले.

धंदा जरा रुळतो तोच बेळगावात वसाहत वाढवण्यासाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. हाताशी भांडवल नाही आणि डोक्यावर छप्पर नाही, अशा वेळी औंध संस्थानाचे काम मिळाले. यमाईच्या औंधात, आजच्या सातारा जिल्ह्यात, मंडप उभारण्याचे काम. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 मध्ये गादीवर आले होते. हे गृहस्थ वेगळेच होते. स्वतः चित्रकार, आणि आरोग्याच्या बाबतीत सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. स्वतः रोज घालत, संस्थानातल्या शाळांत मुलामुलींना घालायला लावत. आज जगभर योगवर्गांत जो सूर्यनमस्कार दिसतो त्याच्या प्रसारात या राजाचा वाटा मोठा आहे. चित्रकलेची रंगपेटी मिटलेला कारखानदार आणि रंगात रमणारा राजा यांचे जमले. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर ओसाड जमीन आणि कर्जाऊ रक्कम दिली.

जमीन कसली, निवडुंगाचे रान होते, आणि त्यात नाग. 1910 च्या मार्चमध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे तिथे उतरली. शंभूअण्णा जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी ही सोबतची माणसे. वस्तीचा सगळा व्यवहार, घरे, पाणी, रस्ते, भांडणे, रामूअण्णांनी सांभाळला. स्टेशन हाकेच्या अंतरावर होते ही या जागेची खरी किंमत. ओतीव लोखंड आणि दगडी कोळसा लांबून यायचा, नांगर लांब जायचे. बैलगाडीची वाहतूक जितकी कमी तितका माल स्वस्त. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याची कामे दिली. हे ठिकाण आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येते.

चार वर्षांत पहिले महायुद्ध सुरू झाले. बाहेरचा माल बंद झाल्याने परदेशी नांगर येईनात आणि किर्लोस्करांच्या नांगराची मागणी वाढली. पण लोखंड आणि कोळसाही मिळेनासा झाला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावर पडून असलेल्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. तोफा वितळल्या आणि त्यांचे फाळ झाले, ही गोष्ट या भागात अजून सांगितली जाते. युद्ध संपल्यावर 1920 मध्ये किर्लोस्कर बंधू लिमिटेड कंपनी झाली. यंत्रे वाढली, भुईमूग फोडायचे यंत्र, हातपंप, उसाचे चरक. चरकाचेही गणित इंधनाचे आहे. लोखंडी चरक उसातून रस जास्त काढतो आणि चिपाड जास्त कोरडे निघते. गुऱ्हाळाच्या चुलाणात तेच चिपाड जळते. ओले असेल तर आधी त्यातले पाणी वाफ करण्यात आच जाते, मग काहिलीपर्यंत पोचते.

यानंतरचा टप्पा सगळ्यांत मोठा, विहिरीच्या पाण्याचा. तोवर पाणी मोटेने निघे. चामड्याची मोट, जाड सोंदूर, धावेवर उतरणारी बैलजोडी आणि दिवसभर गाणारा मोटकरी. चांगली बैलजोडी सलग कामात साधारण एक अश्वशक्ती देते, तीही थोडा वेळ, मग विसावा. आणि बैलाचा खरा खर्च तो उभा असताना होतो. प्रत्येक सजीवाचा असतो. माणूस दिवसभर अंथरुणावर पडून राहिला तरी हृदय, मेंदू, यकृत, शरीराचे तापमान यांसाठी बाराशे ते सोळाशे किलोकॅलरी लागतातच. बैठ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चात हा वाटा जवळपास दोन तृतीयांश असतो. वर्षातले कितीतरी दिवस बैलाला काम नसते, पण त्या दिवशी त्याला बंद करता येत नाही. इंजिन बंद करता येते. पंपाला जोडलेले इंजिन पाणी द्यायचे तेवढा वेळ जळते, मग शून्य खर्च. हायब्रीड गाडी सिग्नलला जे साधते ते हेच, फक्त दिवसाऐवजी सेकंदांत.

त्यातही डिझेल इंजिन का, याचे उत्तर जर्मनीत 1897 सालीच मिळाले होते. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाने चाचणीत इंधनातल्या ऊर्जेचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग कामात उतरवला. त्या काळची वाफेची इंजिने बहुधा दहा टक्क्यांच्या आतच राहत. हवा इतकी दाबायची की ती तापून इंधन आपोआप पेटेल, ही त्यातली युक्ती. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून 1926 मध्ये परतले आणि कारखान्याचा ओघ पंप आणि इंजिनांकडे वळला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही वेगळी कंपनी 1946 मध्ये निघाली, पुण्याजवळ खडकीला. विजेच्या मोटरी बनवणारी किर्लोस्कर इलेक्ट्रिकही त्याच साली, बंगळुरूत. मळ्यात फट्फट् आवाज सुरू झाला आणि मोटेची गाणी थांबली. गाणी गेली याची हळहळ साहित्यिकांनी पुष्कळ केली आहे. धावेवर उलट्या पावली चढणाऱ्या बैलाला आणि ऐन थंडीत रात्रभर मोट हाकणाऱ्या माणसाला विचारले असते तर उत्तर वेगळे मिळाले असते.

इंजिनाचाही वहीबाहेरचा खर्च आहे. पंप पाणी खेचतो म्हणजे खरे तर बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते, आणि हवेचा दाब दहा मीटरपलीकडे पाणी चढवू शकत नाही. प्रत्यक्षात सहा-सात मीटरवरच अडते. विहीर खोल गेली की पंपासोबत इंजिनही आत, कठड्यावर उतरवतात. विहिरीत हवा खेळत नाही, धूर साठतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, वासहीन असतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आत उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. अशा घटनांत एकाच घरातले दोघे-तिघे जातात ते यामुळे. दोर, बाहेरून हवा आणि अग्निशमन दलाची माणसे असल्याशिवाय दुसऱ्याने उतरू नये. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातले, ही गोष्ट रस्त्यावरच्या डिझेल गाड्यांनाही लागू आहे.

आणखी एक गंमत आहे, तिला गंमत म्हणायचे तर. चालवणे स्वस्त झाले की वापर वाढतो. इंग्लंडमध्ये कोळशाबद्दल ही गोष्ट विल्यम जेव्हन्स यांनी 1865 मध्येच दाखवली होती. काटकसरी इंजिने आली आणि कोळसा जास्त जळू लागला. कृष्णाकाठी मोटेच्या काळात पाणी मोजून दिले जाई, कारण प्रत्येक मोटेमागे बैलाचा दम होता. पंप आले, मग वीज आली, ऊस वाढला आणि पाणी रात्रभर सोडून ठेवायची सवय लागली. सांगली जिल्ह्यात नदीकाठच्या पट्ट्यात पाणी मुरून, मीठ वर येऊन चिबड झालेली हजारो एकर जमीन त्याची साक्षीदार आहे. लोखंडी नांगराने न बिघडलेली जमीन पाण्याने बिघडली. हायब्रीड गाडी घेतलेला माणूस आधी एसटीने जात असलेल्या फेऱ्याही गाडीने करू लागला, तर त्याच्या पेट्रोलचे तेच होते.

आता शोरूममधला हिशेब. समजा, साधी गाडी लिटरला 18 किलोमीटर देते आणि हायब्रीड 25. वर्षाला 12,000 किलोमीटर गाडी फिरत असेल तर एकीला सुमारे 667 लिटर लागतील, दुसरीला 480. वाचले 187 लिटर, म्हणजे शंभर रुपये भावाने वर्षाला 18-19 हजार. दोघींच्या किमतीत दोन लाखांचा फरक असेल तर तो भरून यायला दहा वर्षांहून जास्त लागतील. वर्षाला 30,000 किलोमीटर फिरणाऱ्याला हेच साडेचार वर्षांच्या आत. ज्याची गाडी रविवारीच दारातून हलते त्याची बचत फार थोडी. ज्याच्या दावणीला एकच बैल होता त्याला कुट्टीच्या मोठ्या यंत्राचा उपयोग तेवढाच होता. गर्दीत रोज तासभर उभ्या गाडीत बसणाऱ्याच्या हिशेबात मात्र पेट्रोलखेरीज आणखी एक ओळ धरायला हरकत नाही. उभ्या गाडीचे बंद इंजिन मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर धूर सोडत नाही.

लक्ष्मणराव शेवटपर्यंत कारखान्याच्या कामात रस घेत राहिले. 26 सप्टेंबर 1956 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. पुणे-मिरज लोहमार्गावरच्या कुंडल रोड स्टेशनचे नाव किर्लोस्करवाडी झाले त्याला आता फार दिवस झाले. मळ्यांतली डिझेल इंजिने बहुतेक ठिकाणी मोटरींनी हटवली आहेत. कडबाकुट्टी तेवढी गोठ्यागोठ्यांत आहे, विजेवर चालते, आणि उन्हाळ्यात कडब्याचा भाव चढला की शेजारपाजारचे लोक आपापल्या पेंढ्या घेऊन तिच्यापाशी नंबर लावतात.